चार पाण्यांचा करू कांदा

फाल्गुन सरत आला की रायपूरच्या बाजारात बोहार भाजी येते. भोकराच्या झाडाच्या मिटलेल्या कळ्या आणि कोवळी पालवी. विदर्भात आम्ही भोकराचं फळ लोणच्यात घालतो. त्याची कळी खातात हे लग्न होऊन इकडे येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. इथले लोक ती आधी उकळून पाणी फेकतात, मग चण्याची डाळ आणि आंबट ताक घालून शिजवतात. दोन-तीन आठवडे मिळते, मग वर्षभर नाव नाही. मी गेल्या वीस वर्षांत ही भाजी घरात आणलेली नाही. कुणी विचारलं तर सांगते, मला चिकट लागते. खोटं सांगते. मला ती फार आवडते. पण हातात घेतली की जिने मला ती निवडायला शिकवलं तिचा चेहरा समोर येतो, आणि मी तिचं काय केलं तेही.

मी एका बाईचं नाव खराब केलं. तिने माझ्या सासूला विषारी कंद दिला असं आमच्या सगळ्या गल्लीने मानलं, कारण मी खरं बोलले नाही. सासूबाई मागच्या कार्तिकात गेल्या. तेच मानून गेल्या.

माझं माहेर नागपूरचं. नवं राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन इथे आले. रायपूर नुकतंच राजधानी झालेलं. रस्ते खोदलेले, भाड्याच्या घरांतून सुरू झालेली सरकारी ऑफिसं, त्यांच्यावर ओल्या रंगाच्या पाट्या. सासरे रेल्वेत होते, ते नोकरीत असतानाच गेले, आणि नवरा त्यांच्या जागी लागला होता. ब्राह्मणपाऱ्याला लागून असलेल्या एका गल्लीत आमचं घर. त्या गल्लीत आमच्यासारखी विदर्भातून आलेली नऊ-दहा मराठी घरं होती.

सासूबाईंचं माहेर भंडाऱ्याकडचं, जंगलाच्या काठचं. शहरात पस्तीस वर्षं काढूनही त्यांची नजर झाडांवरच असायची. मी बी.ए. झालेली, आणि मला मेथी-पालकापलीकडे भाजी माहीत नव्हती.

आठवड्यातून दोनदा एक बाई डोक्यावर टोपली घेऊन आमच्या दारी यायची. अभनपूरकडे जाताना वाटेत तिचं गाव होतं. छोट्या लायनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीने ती यायची. सासूबाई तिला बहिनी म्हणायच्या आणि ती त्यांना दीदी, म्हणून मी तिला मावशी म्हणू लागले. ती मला बहुरिया म्हणायची, म्हणजे नवी सून. ती छत्तीसगढीत बोलायची आणि सासूबाई आपल्या झाडीकडच्या मराठीत; दोघींचं कधी अडलं नाही. तिचं बोलणं मी इथे बहुतेक मराठीतच लिहिते आहे. जे शब्द जसेच्या तसे कानात राहिले तेवढे तसेच ठेवते.

होळी झाली की सासूबाईंचा पाय घरात ठरत नसे. महिनाभरात तीन-चारदा त्या छोट्या गाडीने तिच्या गावाकडे जायच्या आणि दुपारी पिशव्या भरून परतायच्या. पहिल्याच वर्षी मलाही नेलं. गावाबाहेर मुरमाचा लाल माळ होता, त्याला इथे भाठा म्हणतात. मला तिथे काहीच दिसलं नाही. त्या दोघींना मात्र किती उचलू आणि किती नको असं होई. पळसाची फुलं, उन्हाळ्यात लेकरांना घामोळं आलं की अंघोळीच्या पाण्यात टाकायला. धायटीची बारीक लाल फुलं, बाईच्या अंगावरून फार जात असेल तर. कडुनिंबाची तांबूस पालवी. सकाळी गळलेला मोहा, भाजून गुळासोबत कुटला की खोकल्याला. मावशीचे नियम होते. फांदीची एक बाजू तोडायची, दुसरी ठेवायची. कंद खणला की त्याचा डोळा असलेला वरचा तुकडा त्याच खड्ड्यात परत पुरायचा. एकदा मी पुरायला विसरले तर दहा पावलं पुढे गेलेली ती मागे आली आणि म्हणाली, कुणाच्या घरून निघताना दार उघडं टाकून जातेस का गं?

चालता चालता त्यांचं सुरू असायचं.

"बहिनी, म्हातारी झाली वो तू आता."

"म्हातारी मी, अन् दम तुले लागून राहिला?"

"मले दम नाही लागला, मी हवा खाऊन राहिली."

"खा खा. घरी बहुरियाच्या हातचं खातेस, त्यापेक्षा हवा बरी."

आणि दोघी पदर तोंडाला लावून हसायच्या. मी मागून पिशव्या घेऊन चालायचे. घरी सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलत. वाईट कधी वागल्या नाहीत. पण ते हसणं माझ्या वाट्याला कधी आलं नाही. एका टोपलीवालीला मिळतं आणि मला नाही, हे मला टोचायचं. तेव्हा हे कुणी मला म्हटलं असतं तर मी भांडले असते.

त्या कंदांमधला एक म्हणजे करू कांदा. करू म्हणजे कडू, आणि इकडे कांदा म्हणतात तो कुठल्याही कंदाला. पहिल्यांदा नाव ऐकून मी म्हटलं होतं, "आई, नवरात्रात कांदा?" तर दोघी हसत हसत ओट्यावर बसल्याच. सासूबाई चैत्राचं नवरात्र धरायच्या, नऊ दिवस उपास, आणि त्यात एक दिवस या कंदाचा नैवेद्य. त्याला आणखी एक कारण होतं, ते त्या कुणाला सांगत नसत. त्यांना मूळव्याधीचा जुना त्रास होता, आणि हा कंद वर्षातून एकदा पोटात गेला की आग शांत राहते असं मावशीचं म्हणणं. खरं-खोटं मला माहीत नाही. मुलाला कळू नये म्हणून त्या फार जपायच्या. मला कळलं ते कपडे धुताना.

हा कंद कच्चा विषारी असतो. मावशीने ते कधी लपवलं नाही. दर वर्षी पहिल्यांदाच देत असल्यासारखी पुन्हा सगळं सांगायची. पातळ चकत्या करायच्या. लाकडाची राख चोळायची. फडक्यात बांधून पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं, ते सहा वेळा. चौथ्या दिवशी उकळून ते पाणी फेकायचं, ते सातवं. मग एक कण जिभेच्या टोकावर ठेवून पाहायचा. घसा खाजला तर पुन्हा पाणी. "सात पानी, बहुरिया," असं म्हणून ती माझ्यासमोर बोटं धरायची. "सहावर थांबलीस तर मले विचारायला येऊ नको." राखही तीच स्वतःच्या चुलीची पुडीत बांधून द्यायची, कारण आमच्याकडे गॅस.

सासूबाई दर वर्षी हे सगळं नवरात्राच्या आधीच आटोपायच्या. चाखून, वाळवून चकत्या डब्यात ठेवायच्या. त्या वर्षी तसं झालं नाही.

माझं लग्नाचं तिसरं वर्ष. नवी राजधानी तिकडे बसणार म्हणून मावशीच्या गावाकडे मोजणी सुरू झाली होती, माळावर खुणेचे दगड पुरले होते. कंदासाठी तिला यंदा लांब जावं लागलं, म्हणाली. ती आली ती पाडव्याच्या दुपारी, घट बसल्यावर. सासूबाईंचं मनगट मुरगळून सुजलेलं होतं. त्या मला म्हणाल्या, "यंदा तू कर. शिकून घे. मी काय जन्माला पुरणार आहे?"

त्याच संध्याकाळी मी चकत्या केल्या. राखेची पुडी सोडली आणि थांबले. मावशीच्या चुलीची राख. त्याच चुलीवर ती सुकी मासळी रांधते, हे तिनेच कधीतरी बोलता बोलता सांगितलेलं. आणि हा तर देवीचा नैवेद्य. सासूबाईंना विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, राखेला कसला विटाळ? इतकी वर्षं त्यांनी तीच वापरली होती. म्हणूनच मी विचारलं नाही. पुडी मोरीत रिकामी केली, वरून तांब्याभर पाणी ओतलं, आणि मला बरं वाटलं. एका बाबतीत तरी मी सासूपेक्षा शुद्ध.

दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी सकाळी बदललं. त्या संध्याकाळी नळ आला नाही. चौथ्या दिवशी सकाळी आला तो जेमतेम अर्धा तास. पिण्याचं भरलं, देवाचं भरलं, अंघोळीच्या बादल्या भरल्या. चकत्यांचं भांडं तसंच राहिलं. चौकात टँकर उभा होता, तिथून आणता आलं असतं. गेले नाही. एका रानटी मुळापायी किती पाणी घालायचं, असं मनात आलं. संध्याकाळीही तेच. आतून सासूबाईंनी विचारलं, "पाणी बदलून राहिली ना वो?"

"हो."

पंचमीला सकाळी चकत्या उकळल्या, ते पाणी फेकलं. तीन आणि एक, चार.

"जिभेवर ठेवून पाहिलं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, नैवेद्य आहे. आधी कसं चाखणार?"

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग हसल्या. "बरोबर आहे तुझं. माह्याच ध्यानात नाही आलं." आणि शेजारच्या काकू हळद मागायला आल्या होत्या त्यांना म्हणाल्या, "पाहा, शिकलेली आहे, पण देवाधर्माचं समजते हिला." माझं असं कौतुक त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं.

नैवेद्य दाखवला. त्यांनी वाटीभर खाल्लं, वर तूप आणि सैंधव घालून. नवरा ड्यूटीवर होता. मलाही उपास होता, पण मी म्हटलं, मी आज फळंच खाईन.

अर्धा तास गेला असेल. त्यांनी घशाला हात लावला, आग होते म्हणाल्या. मग ओकाऱ्या. मग भिंत फिरते म्हणाल्या, आणि बोलणं जड झालं. मी काकूंना हाक मारली, दोघींनी त्यांना रिक्षात घातलं. तीन दिवस दवाखान्यात होत्या, पहिला दिवस फार वाईट. नवरा ड्यूटीवरून थेट तिथे आला.

"काय खाल्लं?"

"तो कंद."

"नीट धुतला होता ना?"

"सात पाण्यांनी," मी म्हटलं. विचार करावा लागला नाही. तयारच होतं ते वाक्य तोंडात.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना बोलता येऊ लागलं. माझा हात धरून त्यांनी हळूच विचारलं, "सात झाले होते ना, बाई?"

"हो आई."

"मग तिचीच चूक. दुसराच कंद देऊन बसली. डोळे गेले तिचे." आणि त्या रडायला लागल्या. त्या स्वतःसाठी रडत नव्हत्या, एवढं मला कळत होतं. तेव्हाही मी बोलले नाही.

रामनवमी झाल्यावर मावशी आली. तिला काहीच माहीत नव्हतं. टोपलीत बोहार भाजी होती, त्या वर्षी उशिरा आलेली, मोसमातली पहिलीच. दारातून ओरडली, दीदी, बघ काय आणलं! नवरा बाहेर आला.

"जहर बेचती है? मेरी माँ मरते मरते बची."

तिला समजेचना. आवाज ऐकून शेजारपाजारच्या बायका बाहेर आल्या. कुणीतरी तिला सांगितलं, तुझ्या कांद्याने झालं हे. ती माझ्याकडे वळली. "बहुरिया, सात पानी दे रेहे न?"

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी म्हटलं, "हो. सात."

तिने आपल्या हातांकडे पाहिलं असं मला आठवतं. कदाचित ते मी नंतर मनाने घातलं असेल. नवऱ्याने टोपलीला लाथ मारली, कळ्या नालीपर्यंत पसरल्या. काकू म्हणाल्या, "पुन्हा या गल्लीत दिसू नको." मावशीने टोपली तेवढी उचलली. भाजी नाही उचलली. सासूबाई आतल्या खोलीत पडून होत्या, मधे फक्त एक पडदा होता. त्या बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर आमच्या गल्लीत कुणी रानातलं काही घेतलं नाही. सासूबाई पुन्हा कधी माळावर गेल्या नाहीत. होळीनंतरचे दिवस त्यांना जड जात. खिडकीत बसून राहायच्या, आणि विचारलं तर म्हणायच्या, ऊन फार आहे. माझ्याशी त्या आता जास्त बोलू लागल्या होत्या. मला हवं होतं ते मिळालं होतं. मला मुलं झाली, त्यांच्या अंघोळीच्या पाण्यात पळसाची फुलं पडली नाहीत, अंगाला दुकानातली पावडर लागली. सांगायचं मनात किती वेळा आलं ते मोजलेलं नाही. सुरुवातीला भीती होती. पुढे वाटू लागलं, इतक्या उशिरा सांगितलं तर गप्प राहण्याचाही जाब द्यावा लागेल. दर वर्षी तो जाब मोठा होत गेला.

सासूबाईंच्या तेराव्याला पंगत बसली होती. मी वाढत होते. काकू, आता ऐंशीच्या पुढच्या, नव्या बायकांना सांगत होत्या, "सून होती म्हणून ती पुढे वीस वर्षं जगली. त्या भाजीवालीनं तर संपवलंच होतं तिले." बायकांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी वाढणं ठेवून आत गेले आणि धान्याच्या खोलीत उभी राहिले. त्या दिवशी ठरवलं. तरी पुढचे चार महिने काही केलं नाही, हेही लिहिलं पाहिजे.

या फाल्गुनात बाजारात बोहार विकणाऱ्या बायकांमध्ये मावशीच्या गावची एक भेटली. ती म्हणाली, हव, आहे ना ती, अभनपूरला लेकीजवळ असते. जमीन नव्या शहरात गेली. मी दुसऱ्याच दिवशी बसने निघाले, घरी न सांगता.

लेकीचं घर पक्कं होतं. मावशी ओसरीत खाटेवर बसली होती. अंगाने अर्धी झालेली, नजर मात्र तीच. तिने मला ओळखलं नाही. मी म्हटलं, रायपूर, बहुरिया. ती थांबली. मग म्हणाली, "बइठ."

मी बसले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच म्हटलं, "मावशी, मी सात पाणी दिलं नव्हतं."

"राख?"

"नाही घातली. मोरीत टाकली."

"काबर?" म्हणजे का.

मी सांगितलं. मासळीचंही सांगितलं. दारात उभ्या असलेल्या तिच्या लेकीने तोंड फिरवलं.

"कतका पानी?"

"चार."

"जीभ म धरे रेहे?"

"नाही. नैवेद्य होता ना. चाखला नाही."

आत कुकरची शिट्टी झाली, लेक गेली आणि परत आली. मग मावशीने विचारलं, "तैं खाए रेहे?" तू खाल्लं होतंस?

"नाही."

"काबर?"

हे मला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याने नाही, डॉक्टरांनी नाही, सासूबाईंनी नाही. माझं मी स्वतःला सांगून ठेवलं होतं की उपासाला फळंच बरी. तिच्यासमोर ते तोंडातून निघेना.

"भीती वाटली," मी म्हटलं. "चारच झालेत हे मला माहीत होतं. म्हणून मी नाही खाल्लं. अन् आईंना खाऊ दिलं."

मावशी लेकीकडे वळली आणि म्हणाली, "सुनत हस? मोर हाथ ठीक रिहिस." ऐकतेस ना? माझा हात बरोबर होता.

लेकीने मग मला सांगितलं. त्या दिवसापासून आईने कंद खणला नाही. आपली नजर चुकली, आपण दुसराच कंद दिला, असंच तिला वाटत राहिलं. गावातलं कुणी औषध मागायला आलं तर परत पाठवायची, म्हणायची, माझा भरवसा नाही आता. लेकीच्या बाळंतपणात स्वतःच्या हाताने एक पान उकळून दिलं नाही. लेकीला काही शिकवलं नाही. माळ नव्या शहरात पुढे गेलाच असता. पण तो जायच्या आधीच तिने सोडला होता, आणि तो मी सोडायला लावला होता.

मी मावशीच्या पायाला हात लावायला वाकले. तिने पाय खाटेवर ओढून घेतले.

"मोला बता के का होही?" मला सांगून काय होणार? "ओ दिन जउन मन सुने रिहिन, ओ मन ल बता." त्या दिवशी ज्यांनी ऐकलं, त्यांना सांग.

मी हो म्हटलं आणि उठले. सासूबाई गेल्याचं मी तिला सांगितलं नाही. तिने विचारलं नाही, आणि मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला चहा दिला आणि समोर बसून सगळं सांगितलं. त्याने मधे एकदाच तोंड उघडलं.

"पण आई ते काहून खात होती?"

मी मूळव्याधीचं सांगितलं. तेही त्याला आत्ता कळत होतं. चहावर साय आली.

"मी तिच्या टोपलीला लाथ मारली होती," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तू तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही मला माहेरी पाठवलं असतं."

त्याने विचार केला. "हो," तो म्हणाला. "पाठवलं असतं."

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, बायकांना कधी सांगतेस?

चैत्रात गौरीचं हळदीकुंकू असतं. गल्लीतली मराठी घरं आता चारच उरलीत, बाकीचे नव्या कॉलन्यांत गेले. सगळ्यांना बोलावलं. टोपली उधळली त्या दिवशी बाहेर येऊन पाहणाऱ्यांपैकी तिघी आल्या, काकू त्यात होत्या. आंब्याची डाळ वाटायच्या आधी मी उभ्यानेच सांगितलं. राख, नळ, चार पाणी, फळं. काही वगळलं नाही. शेवटापर्यंत गेले.

समोरच्या घरातली तरुण सून मला सावरायला म्हणाली, "आंटी, छोड़ो ना, इतनी पुरानी बात है. जानबूझकर थोड़ी किया."

"तू थांब वो," काकू तिला म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, "मी तिले म्हटलं होतं, पुन्हा या गल्लीत दिसू नको. अन् ती दिसली नाही. आजही नवीन लोकांले मी तेच सांगत फिरते." त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. "तू मले इतकी वर्षं पापात ठेवलं. अन् तेराव्याला माह्या तोंडून स्वतःची तारीफ ऐकून घेतली."

कुंकू न लावून घेता त्या उठल्या. त्यांना पायरी उतरायला मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. काकू अजून माझ्याशी बोलत नाहीत. बाकीच्या बोलतात, पूर्वीपेक्षा जपून बोलतात. मला दोन्ही मान्य आहे.

वैशाख लागताना नवरा आणि मी अभनपूरला गेलो. त्याने मोटारसायकल लांब उभी केली आणि चालत आला. ओसरीत येऊन उभा राहिला, मान खाली. रेल्वेच्या मोठ्या ऑफिसात काम केलेला माणूस, पण वाक्य जुळवायला त्याला वेळ लागला.

"दाई," तो म्हणाला; इकडे आईला दाई म्हणतात. "गलती हमारे घर की थी. और मैंने टोकरी को लात मारी थी."

मावशीने त्याला नीट पाहून घेतलं. मग मला विचारलं, "सब झन ल बताए?"

"सगळ्यांना सांगितलं. हळदीकुंकवात. काकूंनाही."

ती हलकेच मान हलवत राहिली. तिचा चेहरा जरा सैल झाला. लेकीला म्हणाली, यांना बसायला दे. आम्ही बसलो. आणि मग तिने पुढे सरकून, अगदी जुन्या आवाजात विचारलं, "अउ दीदी का किहिस?"

आणि दीदी काय म्हणाली?

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिला सांगितलेलं नाही हे त्याला माहीत नव्हतं. तो माझ्याकडे पाहतच राहिला, तेव्हा मला बोलावं लागलं.

"आई नाहीत, मावशी. कार्तिकात गेल्या. मागच्या वेळी मी बोलले नाही."

"जान के गिस?" कळून गेली?

"नाही."

तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. नवऱ्याने "दाई" म्हणून हाक मारली, पण तिने ऐकली की नाही कळलं नाही. आम्ही तसेच बसून राहिलो, जावं की राहावं ते समजेना. शेवटी लेक आतून आली, आईच्या अंगावर चादर घातली, आणि आमच्याकडे न पाहता म्हणाली, "अब तुमन जावव."

आम्ही उठलो.